दळून आणायचं की आयतं पीठ घ्यायचं?

१७ जून २०१७ रोजी डेबियन ९ प्रसिद्ध झालं. तीन दिवसांनी, २० जूनला, युनिकोडची दहावी आवृत्ती आली आणि तिच्यात मसराम गोंडी लिपीच्या ७५ चिन्हांना पहिल्यांदा जागा मिळाली. लिनक्सवाल्यांमध्ये तीस वर्षं एक भांडण चालू आहे. सॉफ्टवेअर दुसऱ्याने तयार करून दिलेलं घ्यावं, की त्याचा सोर्स आणून आपल्याच मशीनवर कम्पाइल करावं? या भांडणात मी कुठे उभा आहे असं कुणी विचारलं, की मी हे तीन दिवस सांगतो.

मी जिवतीचा. चंद्रपूर जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, माणिकगडच्या डोंगरावरचं हे पठार. आमचा राजुरा भाग १९५६ पर्यंत हैदराबाद संस्थानाच्या आणि नंतर राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात होता. जिवती तालुक्यातल्या सीमेवरच्या १४ गावांवर आजही महाराष्ट्र आणि तेलंगणा दोघंही हक्क सांगतात आणि तिथले लोक दोन्हीकडे मतदान करतात. इथे गोंड आहेत, कोलाम आहेत, मराठवाड्यातून येऊन वसलेली माझ्यासारखी घरंही आहेत. गोंडी माझी मातृभाषा नाही, पण कानावर रोज पडते. २०११च्या जनगणनेत देशात तिचे जवळपास ३० लाख भाषक नोंदले गेले. सीमेच्या अलीकडे ती देवनागरीत लिहिली जाते, पलीकडे तेलुगू अक्षरांत.

तिच्या स्वतःच्या लिप्याही आहेत. एक मुन्शी मंगलसिंग मसराम यांनी १९१८ मध्ये बालाघाटकडे तयार केलेली. दुसरी आमच्या डोंगराच्या पलीकडे, आदिलाबाद जिल्ह्यातल्या गुंजाळा गावच्या जुन्या हस्तलिखितांत सापडलेली. ती युनिकोडमध्ये आणखी एका वर्षाने, जून २०१८ मध्ये, अकराव्या आवृत्तीत आली.

आता डेबियन ९ वापरणाऱ्या माणसाचं काय झालं ते बघा. डेबियनची स्थिर आवृत्ती बाहेर पडण्याआधी काही महिने ‘फ्रीझ’ होते, म्हणजे तिच्यातल्या हजारो पॅकेजांच्या आवृत्त्या जिथे आहेत तिथे गोठवतात आणि फक्त चुका दुरुस्त करतात. डेबियन ९ फेब्रुवारीतच गोठलं होतं. त्यामुळे युनिकोड तीन दिवस आधी आलं असतं तरी उपयोग नव्हता. गोंडीचा फाँट कुठून तरी उतरवून घेता येतो, पण फाँट फक्त अक्षराचं चित्र देतो. मात्रा कुठे बसवायची, रफार कुठे न्यायचा, हे ठरवायचं काम हार्फबझसारख्या लायब्ररीचं असतं आणि तिच्या पोटात युनिकोडचे तक्ते असतात. जुन्या तक्त्यात मसराम गोंडीच्या जागी नुसते रिकामे क्रमांक. पुढची स्थिर आवृत्ती, डेबियन १०, आली ६ जुलै २०१९ला. दोन वर्षं.

सोर्सवाल्याला हे थांबणं नव्हतं. लायब्ररी लिहिणाऱ्यांनी नवे तक्ते घातले, की तो त्याच रात्री ती उतरवून कम्पाइल करू शकत होता.

ज्यांना हे शब्द नवे आहेत त्यांच्यासाठी थोडक्यात. प्रोग्रॅम माणूस लिहितो तो सोर्स, म्हणजे वाचता येईल असा मजकूर. प्रोसेसरला तो कळत नाही. त्याला कळेल अशा आकड्यांत तो बदलणं म्हणजे कम्पाइल करणं, आणि जे बाहेर पडतं ती बायनरी. सोर्स ही ज्वारी, बायनरी हे पीठ. तुमच्या फोनमध्ये प्ले स्टोअरवरून जे येतं ते सगळं आयतं पीठ. खुद्द अँड्रॉइड हेही लिनक्सच्या कर्नलवर उभं असलेलं, कारखान्यातून दळून आलेलं पीठ आहे.

लिनक्समध्ये सुरुवातीला पिठाची पिशवी नव्हतीच. लिनस टोरवाल्ड्सने २५ ऑगस्ट १९९१ रोजी आपण एक ऑपरेटिंग सिस्टीम लिहितोय असं जाहीर केलं. त्याने दिलं ते फक्त कर्नल. बाकीचं, म्हणजे कम्पायलर, शेल, फाइली हलवायची साधनं, रिचर्ड स्टॉलमनच्या ग्नू प्रकल्पातून आणून एकेक जुळवावं लागे. ज्याला हे जमेल त्याचंच लिनक्स. १९९२ मध्ये मँचेस्टरच्या विद्यापीठातून एमसीसी इंटरिम लिनक्स आलं, त्याच वर्षी एसएलएस नावाचा फ्लॉप्यांचा संच. एसएलएस लोकप्रिय होतं आणि चुकांनी भरलेलं होतं. त्याला वैतागून दोघांनी आपापली वाट काढली. पॅट्रिक व्होल्करडिंगने जुलै १९९३ मध्ये स्लॅकवेअर काढलं. पुढच्याच महिन्यात, १६ ऑगस्टला, इयन मर्डॉक नावाच्या विद्यार्थ्याने डेबियन जाहीर केलं. नावात मैत्रीण डेब्रा आणि तो स्वतः.

मर्डॉकच्या कल्पनेत मला सगळ्यात मोठी वाटते ती गोष्ट सोयीची नाही, जबाबदारीची आहे. प्रत्येक पॅकेजला एक सांभाळणारा. तो ते एकदा नीट कम्पाइल करेल, कशावर अवलंबून आहे ते लिहून ठेवेल, चूक सापडली तर तिचा मालक तो. हजारो लोकांनी हजार वेळा तेच दळण करण्याऐवजी एकाने करायचं आणि त्याच्या नावाने करायचं. आज डेबियन १२ मध्ये ६४ हजारांहून जास्त पॅकेजेस आहेत आणि हा सारा व्याप मुख्यतः स्वयंसेवक सांभाळतात.

भारतात लिनक्स आलं ते याच रूपात. १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात पीसीक्वेस्ट मासिकासोबत लिनक्सची सीडी यायची. फोनच्या तारेवरून इंटरनेट घेण्याच्या त्या काळात शेकडो एमबी उतरवणं हा विनोद होता, त्यामुळे मासिकाची सीडी हीच वितरणव्यवस्था. पुढे ऑक्टोबर २००४ मध्ये उबुंटू आलं. त्यांची कंपनी जगात कुठेही पोस्टाने फुकट सीडी पाठवायची. पिनकोड टाका, काही आठवड्यांनी पाकीट दारात. २०११ मध्ये ही योजना बंद झाली. आज वीस वर्षांचे असलेल्यांना हे खोटं वाटेल, पण देशातल्या कितीतरी गावांत लिनक्स पोस्टमननेच आणलंय.

आणि आपली देवनागरी? गोंडीचं २०१७ मध्ये जे झालं ते मराठीचं २००० च्या आसपास होऊन गेलं आहे. लिनक्सच्या पडद्यावर तेव्हा ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या पुढे पडायची, जोडाक्षरं सुटी व्हायची. मुंबईतून सुरू झालेल्या इंडलिनक्स प्रकल्पातले लोक तेव्हा भारतीय भाषांवर काम करत होते. मजकूर मांडणारी पँगो ही लायब्ररी २००२ मध्ये ग्नोम २ सोबत सर्वदूर गेली. पुढे रेड हॅटच्या पुणे कार्यालयातून मराठी भाषांतरं आणि लोहित फाँटांचं काम झालं, ते फेडोरात गेलं, तिथून बाकीच्या डिस्ट्रोंमध्ये. हे सगळं शक्य झालं कारण सोर्स उघडा होता आणि कुणीतरी आपल्या टेबलावर तो बदलून, कम्पाइल करून, वेलांटी जागेवर आली का ते पाहत बसलं होतं. पण मराठी माणसाला त्याचा उपयोग झाला तो आयत्या सीडीत ते आल्यावर. तुम्ही हा लेख वाचताय तोही कुणीतरी दळून दिलेल्या हार्फबझसारख्या लायब्ररीच्याच जोरावर.

सोर्सवाल्यांचा खरा पंथ उभा राहिला तो जेंटूबरोबर. डॅनियल रॉबिन्सने आधी इनॉक नावाने हे सुरू केलं होतं. जेंटू ही सगळ्यात वेगाने पोहणारी पेंग्विन, म्हणून ते नाव. १.० आवृत्ती ३१ मार्च २००२ला आली. फ्रीबीएसडी या वेगळ्या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये ‘पोर्ट्स’ नावाची व्यवस्था होती: प्रोग्रॅम पाठवायचा नाही, तो कुठून आणायचा आणि कसा कम्पाइल करायचा याची कृती पाठवायची. जेंटूचं पोर्टेज त्यावरून सुचलेलं. जोडीला ‘यूज फ्लॅग’. ब्लूटूथ नको असेल तर एका शब्दाने सांगा, मग ज्या प्रोग्रॅममध्ये ब्लूटूथ वगळायची सोय आहे त्यातून तो भाग कम्पाइलच होणार नाही. आयत्या पिठात हे जमत नाही, कारण तिथे सगळ्यांना चालेल असं जाडंभरडं एकच दळण असतं.

त्या काळी ‘स्टेज वन’ पासून जेंटू बसवणं ही मर्दुमकी समजली जायची. आधी कम्पायलर कम्पाइल करायचा, त्याने सगळी प्रणाली, मग डेस्कटॉप. दोन-तीन दिवस पडद्यावर अक्षरं वाहत राहायची. डेबियनवाले जुन्या ३८६ वरही चालेल असं दळतात, आम्ही आमच्या प्रोसेसरसाठी खास दळतो, म्हणून आमचं वेगवान, असा दावा. कम्पायलरला देण्याच्या लांबलचक सूचना लोक अभिमानाने मिरवायचे आणि त्यांची टिंगल करणारी एक वेबसाइटही निघाली होती.

वेगाचा हा दावा मला कधीच पटला नाही. बहुतेक प्रोग्रॅमांचा वेळ डिस्कची, नेटची किंवा तुमच्या बोटाची वाट बघण्यात जातो. जिथे प्रोसेसर खरोखर घाम गाळतो, व्हिडिओ किंवा एन्क्रिप्शनसारख्या ठिकाणी, तिथे लायब्ररी चालू होतानाच प्रोसेसर ओळखून त्याला योग्य तो तुकडा निवडतात. आयत्या पिठातही. कम्पाइल करण्यात गेलेले तास त्या वाचलेल्या क्षणांतून भरून निघायला जन्म जाईल.

आमच्या पठारावर तर हिशेब आणखी उलटा. माझ्याकडे २ जीबी रॅमचा जुना लॅपटॉप आहे. जेंटूची शिफारसच अशी, की एका वेळी जितकी कामं समांतर चालवाल तितक्या प्रत्येकासाठी साधारण २ जीबी रॅम धरा. म्हणजे माझ्याकडे एकच काम, एकापाठोपाठ एक. वीज गेली आणि बॅटरी संपली की चालू असलेलं पॅकेज पुन्हा पहिल्यापासून. उरलेली यादी ‘रिझ्यूम’ म्हणून पुढे नेता येते, एवढाच दिलासा. क्रोमियमसारखा ब्राउझर असल्या मशीनवर दिवसांच्या हिशेबात मोजावा लागतो.

आणि डेटा. सोर्स म्हणजे कच्चा माल, तो हलका असेल असं पुष्कळांना वाटतं. फायरफॉक्सची तयार लिनक्स बायनरी शंभर एमबीच्या आत बसते. त्याचाच दाबून बांधलेला सोर्स पाचशे एमबीच्या घरात जातो, कारण त्यात विंडोजपासून अँड्रॉइडपर्यंत सगळ्यांचा सोर्स आणि चाचण्यांची सामग्री असते. कर्नलचं तेच. जिथे मोबाइलचा टॉवर हात वर करून शोधावा लागतो तिथे पाचपट उतरवून वर दिवसभर दळत बसायचं? जेंटूलाही हे ठाऊक होतं. म्हणूनच फायरफॉक्स, लिब्रेऑफिस अशा अवजड प्रोग्रॅमांच्या तयार बायनरी त्यांच्याकडे फार आधीपासून ठेवलेल्या आहेत.

इथे एक गोष्ट मान्य केली पाहिजे. गोंडीच्या उशिराचं खापर आयत्या पिठावर फोडणं पूर्ण बरोबर नाही. आर्च लिनक्सही तयार बायनरीच देतं, पण गोठवत नाही. नवी आवृत्ती आली की दिवसांत, आठवड्यांत पोचवतं. म्हणजे उशीर दळण्यामुळे झाला नव्हता, फ्रीझमुळे झाला होता. लोक ‘सोर्स की बायनरी’ असं भांडतात तेव्हा अर्ध्या वेळा ते खरं तर ‘ताजं की मुरलेलं’ यावर भांडत असतात.

मग मुरलेलं कशाला हवं? याचं उत्तर २९ मार्च २०२४ला मिळालं.

त्या दिवशी आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रॅमरने एक इमेल जाहीर केली. दूरच्या मशीनवर लॉगिन करायला नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त लागतोय हे त्याला खटकलं होतं. माग काढत तो एक्सझेड या फाइली दाबणाऱ्या छोट्या साधनापाशी पोचला. ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा होता. ‘जिया टॅन’ या नावाने वावरणाऱ्या कुणीतरी दोन वर्षं निमूट, चांगलं काम करून दमलेल्या मूळ लेखकाचा विश्वास मिळवला होता.

आता तपशील बघा, कारण आपला प्रश्न तिथेच आहे. चोरदरवाजाचा मुख्य ऐवज चाचणीच्या फाइली म्हणून सोर्समध्ये दडवलेला होता. पण त्याला जागं करणारी ओळ सगळ्यांना दिसणाऱ्या साठ्यात नव्हती. ती फक्त प्रसिद्धीसाठी बांधलेल्या गाठोड्यात, टारबॉलमध्ये, होती. ज्वारी शेतात पाहिली तर स्वच्छ, पोत्यात पाहिली तर खडे. आणि आपण स्वतः दळतो म्हणून निर्धास्त असणारे दळतात तेही पोत्यातूनच. त्यात आणखी एक गंमत: कम्पाइल चालू असताना ती युक्ती बघायची, की इथे डेबियनचं किंवा रेड हॅटच्या पद्धतीचं पॅकेज तयार होतंय का. होत असेल तरच जागी व्हायची. हल्लेखोराला एकेका घरच्या जात्यात रस नव्हता. त्याला मोठी गिरणी हवी होती, जिथून लाखो घरांत पीठ जातं. जेंटूवर तो दरवाजा उघडण्याची परिस्थितीच नव्हती. तरी वापरणाऱ्यांना जुन्या आवृत्तीवर परत जायला सांगितलं गेलंच.

डेबियनच्या चाचणी शाखेत ती आवृत्ती शिरली होती. स्थिर आवृत्तीत नव्हती. ती जून २०२३ मध्येच प्रसिद्ध झाली होती, त्याआधीच गोठली होती. ज्या फ्रीझने मसराम गोंडीला दोन वर्षं दाराबाहेर ठेवलं, त्याच फ्रीझने हा चोरही बाहेर ठेवला. मी डेबियनवर रागावतो तेव्हा ही तारीख आठवतो.

सोर्स वाचला म्हणजे भरवसा मिळाला, ही समजूत तशी फार आधीच मोडली होती. युनिक्सच्या निर्मात्यांपैकी केन थॉम्प्सनने १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ट्युरिंग पुरस्काराच्या भाषणात दाखवून दिलं होतं, की कम्पायलरलाच फितवलं तर सोर्समध्ये एकही वाईट ओळ नसताना बायनरीत चोरदरवाजा घालता येतो. शेवटी कुठला तरी पहिला कम्पायलर तुम्ही कुणाकडून तरी तयारच घेतलेला असतो. जेंटूचाही.

यावर डेबियनच्या लोकांनी २०१३ पासून जे काम सुरू केलं ते मला या सगळ्या इतिहासातलं सगळ्यात शहाणपणाचं वाटतं. रिप्रोड्यूसिबल बिल्ड्स. एकच सोर्स दोन वेगळ्या माणसांनी वेगळ्या मशीनवर कम्पाइल केला तर शेवटच्या बाइटपर्यंत तीच बायनरी निघाली पाहिजे. ऐकायला सोपं, पण प्रोग्रॅममध्ये कम्पाइल केल्याची वेळ, फोल्डरचं नाव, फाइलींचा क्रम असलं काहीबाही चिकटत असतं. ते एकेक करून काढावं लागलं. आज डेबियनची बहुतांश पॅकेजेस अशी आहेत. म्हणजे दळायचं सगळ्यांनी नाही, पण संशय आला तर कुणालाही स्वतः दळून आयत्या पिठाशी ताडून बघता येतं. जिवतीतला माझा २ जीबीचा लॅपटॉप हे करणार नाही. पण करणारे वेगवेगळ्या देशांत, एकमेकांशी संबंध नसलेले असे असले, की माझं काम भागतं.

जेंटूने २९ डिसेंबर २०२३ला, एक्सझेड प्रकरणाच्या तीन महिने आधी, आपण आता मोठ्या प्रमाणावर तयार पॅकेजेस देणार असं जाहीर केलं. इंटरनेटवर ‘किल्ला पडला’ अशा थाटात चर्चा झाल्या. मला त्यात पराभव दिसला नाही. हवं ते तयार घ्या, जिथे यूज फ्लॅग बदलायचे असतील तेवढंच दळा. तसंही जेंटूच्या साधनांनी बांधलेली सगळ्यात खपाची गोष्ट पूर्णपणे आयतीच आहे: गूगलचं क्रोमओएस पोर्टेज वापरून बांधलं जातं, आणि क्रोमबुक उघडणाऱ्या शाळकरी मुलीला कम्पायलर हा शब्दही ऐकावा लागत नाही.

दोन्ही बाजू अशा एकमेकींच्या अंगणात आल्या आहेत. डेबियनवरही एखाद्या पॅकेजचा सोर्स एका आज्ञेने मागवता येतो, बदलता येतो, आणि त्याचं रीतसर पॅकेज बांधता येतं. मी तेच करतो. मशीन डेबियन स्थिर, आणि लागेल तेवढी एखादी लायब्ररी घरी दळलेली. हार्फबझ काही क्रोमियम नव्हे. माझ्या लॅपटॉपवरही ते बॅटरी संपायच्या आत होतं.

एक वर्ग मात्र असा आहे ज्याला हा मधला रस्ता बंद होत चाललाय. डेबियन १३ने ३२-बिट जुन्या पीसींसाठी इन्स्टॉलर आणि कर्नल देणं थांबवलं. कारण समजण्यासारखं आहे: सांभाळायला माणसं उरली नाहीत. पण धूळ खात पडलेल्या जुन्या मशीन तालुक्याच्या गावी असतात, पुण्यात नसतात. जेंटू ३२-बिटसाठी अजून मिळतं. म्हणजे ज्या मशीनवर कम्पाइल करणं सगळ्यात अवघड, नेमकी तीच आता सोर्सवाल्यांच्या वाट्याला आली. दुसऱ्या ताकदवान मशीनवर दळून त्यांना पुरवणं हाच तिथे उपाय.

डेबियन १३ आलं ते ९ ऑगस्ट २०२५ला. त्या दिवशी जगभर आदिवासी दिन पाळतात. बरोबर एक महिन्याने, ९ सप्टेंबरला, युनिकोड १७ प्रसिद्ध झालं. त्यात तोलोंग सिकी लिपीला जागा मिळाली. गोंडीसारख्याच द्राविड कुळातल्या कुडुख भाषेसाठी ही लिपी झारखंडच्या डॉ. नारायण उरांव यांनी घडवली. डेबियन साधारण दोन वर्षांनी नवी स्थिर आवृत्ती काढतं. तोपर्यंत रांची-गुमल्याकडे डेबियन वापरणाऱ्या कुणाला ती अक्षरं आपल्या पडद्यावर नीट बसवून हवी असतील, तर त्याला ती लायब्ररी घरीच दळावी लागेल.